अ‍ॅसिटोनसाठी मॅग्नेटिक ड्राइव्ह की कॅन्ड मोटर?

अ‍ॅसिटोनच्या ट्रान्सफरला सीललेस (शाफ्टला सील नसलेला) पंप कोणता घ्यावा, मॅग्नेटिक ड्राइव्ह (चुंबकांच्या ओढीने फिरणारा) की कॅन्ड मोटर (पंप आणि मोटर एकाच बंद कवचात), या प्रश्नावर बहुतेकांनी किमतीचा हिशेब मांडलाय. मी नागपूरजवळ बुटीबोरीत कारखान्याचं मेंटेनन्स बघतो. माझं कळकळीचं सांगणं: आधी पंप कोरडा पडेल का, ते बघा.

मागच्या उन्हाळ्यात आमची टाकी रिकामी झाली आणि मॅग्नेटिक पंप तसाच फिरत राहिला. उघडला तेव्हा सिलिकॉन कार्बाइडच्या बुशचे (बेअरिंगचे) काळे तुकडे हातात आले, शेलला (चुंबकांमधल्या बंद कवचाला) आतून गोल ओरखडे. या बेअरिंगना वंगण आणि थंडावा दोन्ही पंपातल्या द्रवाकडूनच मिळतं. कॅन्ड मोटरचंही तेच. मॅग्नेटिकमध्ये शेल धातूचं असलं की एडी करंटने (चुंबक फिरताना धातूत उठणाऱ्या प्रवाहाने) ते आणखी तापतं. ओव्हरलोड रिले इथे कामाचा नाही, कारण कोरडा पंप करंट कमी खेचतो. अंडरलोड ट्रिप (करंट कमी झाला की पंप बंद करणारा) लावाच.

आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो आणि अ‍ॅसिटोन ५६ अंशांना उकळतं. टाकी उन्हात असेल तर एनपीएसएच (पंपाच्या तोंडाशी द्रव उकळू नये म्हणून लागणारा दाब) त्या तापमानाला मोजा, २५ अंशांचा आकडा धरू नका.

माझा कौल कॅन्ड मोटरला. आतलं लायनर (द्रव मोटरच्या वायंडिंगपासून वेगळा ठेवणारा पातळ पत्रा) फुटलं तरी मोटरचं सीलबंद कवच दुसरा अडथळा म्हणून उभं असतं, शिवाय कपलिंग अलाइनमेंटची कटकट नाही. मात्र ती जळली तर नेहमीचा रिवाइंडिंगवाला चालत नाही, कंपनीकडेच पाठवावी लागते. म्हणून स्टँडबाय पंप ऑर्डरमध्येच धरा.

द्रवात गंजाचे कण येत असतील तर तेही इथे लिहा. ते आतल्या फिरत्या भागात अडकतात.