मागच्या एक्सलचे आटे चेपलेत: दुरुस्त करू की नवाच घेऊ?

पाना१७: १२५ सीसी मोटारसायकल, मागचा एक्सल (चाक ज्यावर फिरतं तो दांडा). पंक्चर काढताना टोकावर हातोडा मारून बाहेर काढला गेला. टोकाचे दोन-अडीच आटे चेपलेत, नट अर्धा फेरा जातो आणि अडकतो. मागचे आटे शाबूत दिसतात. लेथवाला म्हणतो, वेल्डिंग भरून नवे आटे पाडून देतो. द्यावं का? राहायला परळला.

चक्रधर: वेल्डिंग अजिबात नको. एक्सल हीट ट्रीटमेंट केलेल्या स्टीलचा असतो. वेल्डिंगच्या आचेने शेजारचा भाग कुठे ठिसूळ, कुठे नरम होतो, दांडा वाकू शकतो, आणि तडा जातो तो आट्याच्या मुळाशी, जिथे तो दिसत नाही. व्यास उतरवून लहान नट बसवणं हेही तितकंच वाईट.

आधी एक बघा. नट पूर्ण आवळल्यावर एक्सलचं टोक बाहेर किती येतं? चेपलेले आटे नटाच्या बाहेर राहणार असतील तर त्यांच्यावर भार येतच नाही. ते फक्त नटाला वाट देण्यापुरते नीट हवेत. चेपलेला भाग नटाच्या आत येत असेल, तर कानस हातात न घेता एक्सल बदला.

बाहेरचे असतील तर टोकाचा फुगलेला काठ सपाट कानशीने उतरवून साधारण ४५ अंशाचा उतार द्या. मग बारीक त्रिकोणी कानशीने दरी मोकळी करा. चांगल्या आट्यापासून सुरुवात करून टोकाकडे या, म्हणजे कानस आपोआप योग्य रेषेत राहते. उलट केलंत तर नवीनच रेघ पडते.

पाना१७: आटे पाडायचा डाय घ्यावा का? आणि पिच, म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर, कसं कळणार?

नटबोल्ट_गिरगाव: पट्टी लावून आटे मोजा. १० मिमीत ८ भरले तर पिच १.२५, १५ मिमीत १० भरले तर १.५. व्यास व्हर्नियरने, चांगल्या आट्यांवर; १२ मिमीचा एक्सल ११.८ च्या आसपास दाखवतो. नुसतं ‘बारा नंबरचा डाय द्या’ म्हणालात तर १.७५ चा हातात पडेल आणि उरलेसुरले आटेही जातील.

नागदेवी स्ट्रीटला डाय मिळतो, पण एचएसएसचाच (हाय-स्पीड स्टीलचा) मागा. साधा डाय कडक एक्सलवर बोथट होतो. तेल टाकून पाव फेरा पुढे, अर्धा मागे. डाय वाकडा बसला तर लगेच काढा.

डायचा खर्च नको असेल तर त्याच मापाचा जुना नट हॅकसॉने एका बाजूने उभा चिरा. कापलेल्या काठाने मळ आणि बारीक बर (धातूचे टोचरे काठ) निघतात. मोठं काम त्याच्याकडून होत नाही.

सायलेन्सर: एवढी खटपट कशाला? छोट्या गाडीचा एक्सल स्वस्तात मिळतो, ऑपेरा हाऊसच्या बाजारात बघा. जुना एक्सल सोबत न्या, लांबी आणि डोकं जुळवून घ्या. चोर बाजारातला वापरलेला मात्र घेऊ नका, तो वाकलेला आहे की नाही हे नजरेला कळत नाही.

चक्रधर: सायलेन्सरशी सहमत, आटे आतले गेले असतील तर. ठोकलेला एक्सल वाकलाय का तेही तपासा: काचेवर लोळवा, खाली फट लुकलुकली तर बाद. व्ही-ब्लॉकवर (दांडा टेकवायच्या खाचेच्या ठोकळ्यांवर) फिरवून डायल गेजने, म्हणजे काट्याच्या मापकाने, तपासायचं असेल तर बऱ्याच गाड्यांची मर्यादा ०.२ मिमी आहे.

नट नवाच घ्या. बोटाने शेवटपर्यंत फिरला पाहिजे, सेल्फ-लॉकिंग असेल तर त्याची पकड सुरू होईपर्यंत. पान्याला पाइप लावून आवळू नका. टॉर्क (आवळायचा जोर) मॅन्युअलमध्ये बघा, छोट्या गाड्यांत तो साधारण ५० ते ७० न्यूटन-मीटर असतो. आट्यांवर ग्रीस चोपडलं तर त्याच टॉर्कला ताण जास्त येतो.

पुढच्या वेळी एक्सल काढताना नट टोकाशी बरोबरीत ठेवून पितळी ड्रिफ्टने (ठोकायच्या दांडीने) ठोका.

नटबोल्ट_गिरगाव: आणि नट आवळल्यावर चेन परत मोजा, आवळताना ती हलते. सैलपणा २० ते ३० मिमी, गाडीवरच्या स्टिकरप्रमाणे.