मदत हवी आहे : भूकंपाच्या तारखांमधलं गणित कसं तपासावं?

आम्ही औशाचे. किल्लारीच्या भूकंपात मामांचं माळवदाचं घर बसलं, तेव्हापासून त्यांना एकच नाद : भूकंपाच्या तारखा. लाल कापडी बांधणीच्या वहीत भूज २६ जानेवारी २००१, इराणचं बाम २६ डिसेंबर २००३, सुमात्रा २६ डिसेंबर २००४. '२६' भोवती तिन्हीकडे गोल. शिवाय किल्लारी (३० सप्टेंबर १९९३) आणि सुमात्रा, दोन्ही पौर्णिमेला!

मी म्हटलं, मामा, कोयना ११ डिसेंबर १९६७, नेपाळ २५ एप्रिल २०१५, यांचं काय? तर म्हणे, "ते अपवाद."

सोयीचं तेवढं उचललं की कुठलाही आकडा जुळतो, एवढं मला कळतं. पण त्यांना वहीवरच पटवायचंय. यूएसजीएसच्या (अमेरिकेची भूगर्भ सर्वेक्षण संस्था) यादीतून ७ रिश्टरच्या वरचे सगळे भूकंप घेतले, तर तारीख आणि तिथीचा योगायोग तपासायला काय-स्क्वेअर ही संख्याशास्त्रातली चाचणी चालेल का? मोठ्या धक्क्यामागून येणारे धक्के आधी गाळावे लागतील ना, ते कसे ओळखायचे? आणि जागांचं काय? भूकंप तर बहुतेक पृथ्वीच्या कवचाच्या प्लेटांच्या कडांवरच दाटलेले असतात, आमचं किल्लारी, कोयना असे काही सोडून.

एक्सेल येतं, पायथन नाही. मामा दिवाळीला येणारेत.