उबर-कूल, उबर-रिच मधलं हे 'उबर' काय प्रकरण आहे?

आमच्या ऑफिसात एकजण सारखी उबर-कूल, उबर-रिच असं बोलत असते, मला आधी वाटलं टॅक्सीवरून काहीतरी निघालंय. हे व्हेरीसारखं कुठंही लावलं तर चालतं का? आणि मराठीत काय म्हणाल, मला 'लई' सुचतंय पण मजा येत नाहीये.

---

टॅक्सीवरून नाही हो, टॅक्सीच त्यावरून आलीय. २००९ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत 'उबरकॅब' म्हणून निघाली, लायसन्स नसताना कॅब कसले म्हणवता अशी पुढच्या वर्षी नोटीस आली आणि शेपूट गळून नुसतं उबर राहिलं.

मूळ शब्द जर्मन, यूवर दोन टिंबं, ओठांचा चंबू 'ऊ'चा करायचा आणि आतून 'ई' म्हणायचं, देवनागरीत ते बसतच नाही. अर्थ अगदी साधा, 'टेबलाच्या वर दिवा लटकतोय' मधला 'वर'. इंग्रजीत तो गाजला जर्मन तत्त्वज्ञ नीत्शेच्या 'युबरमेन्श'मुळे (म्हणजे महामानव), नाटककार बर्नार्ड शॉने १९०३ च्या नाटकात त्याचंच सुपरमॅन केलं.

व्हेरीसारखा नाही वापरता येत. व्हेरी फॅन म्हणून बघा, नाही ना चालत? पण उबर-फॅन, उबर-गीक चालतं. म्हणजे नामालाही चिकटतो, विशेषणालाही. म्हणून 'लई' जमत नाहीये, ते सुटं राहतं. माझं मत 'महा'ला. महाचालू, महाखडूस, महाठक, कशालाही लावा. शिवाय उबरमध्ये जी थोडी टिंगल असते ना, तीपण महामध्ये येते. सीव्हीत मात्र लिहू नका, उबर-हार्डवर्किंग वाचून समोरचा हसेल.

---

मी म्युनिकला असते म्हणून सांगते, इथे कोणाला 'युबर-कूल' म्हणालात तर कळेल त्यांना, पण ते इंग्रजीतून परत आलेलं वाटतं. इथली माणसं सुपर, मेगा, टोटाल असलंच बोलतात. अस्सल जर्मनमध्ये हे पुढे लागलं की बरेचदा तक्रारच असते, युबरफ्युल्ट म्हणजे खचाखच भरलेली (सकाळची आमची ट्रेन, विरार लोकलची लहान बहीण), युबरम्यूडेट म्हणजे इतकं दमलेलं की झोपही येत नाही, युबरट्रीबन म्हणजे काहीच्या काही, अतिशयोक्त. 'युबरग्ल्युकलिश' म्हणजे आनंदाने वेडं झालेलं, असे चांगले शब्दही आहेत, पण एकूण कल आपल्या 'अति'कडे. अतिशहाणा मधला अति. तेव्हा जर्मनचं 'अति' इंग्रजीत जाऊन 'महा' झालं असं म्हणा हवं तर.

---

हे अति-महा भारी आहे! एक भर घालतो, संस्कृत उपरि, ग्रीक हायपर, लॅटिन सुपर, इंग्रजी ओव्हर आणि हे युबर, सगळी एका घरातली. आपलं 'वर' पण उपरिवरूनच आलंय. (आता लगेच 'बघा, जर्मनांनी संस्कृतातून उचललं' असं कोणी लिहू नका प्लीज, चुलत भावंडं आहेत, आईबाप नाहीत.)

---

धन्यवाद मंडळी. उद्या ऑफिसात तिला 'महाकूल' म्हणून बघते, काय तोंड करते ते कळवते.