मदत हवी आहे: थेस्सालोनिकीत रोजच्या वापराचं ग्रीक

ग्रीसमध्ये राहणाऱ्या किंवा राहून आलेल्या मंडळींना विचारतेय. मुक्काम थेस्सालोनिकी, अजून दोनेक वर्षं तरी इथेच. लिपी येते, पाट्या आणि बिलं वाचता येतात, ॲपवरचा प्राथमिक अभ्यासक्रम संपलाय. (दुसरं ॲप कृपया सुचवू नका, तसली वाक्यं इथे कोणी बोलत नाही.) बेकरीत ‘मिया बुगात्सा मे क्रेमा, पाराकालो’ (क्रीम भरलेली एक बुगात्सा पेस्ट्री द्या) एवढं बिनधास्त म्हणते, पण वर साखर-दालचिनी भुरभुरू का, इथेच खाणार की बांधून देऊ, असं भराभर आलं की मी गप्प आणि पुढचं सगळं इंग्रजीत. सावकाश बोललेले संवाद, सोबत लिखित मजकूर, असं काही ऐकायला मिळेल का? दिवसाचे वर्ग नोकरीमुळे जमणार नाहीत.

खरी पंचाईत शुभेच्छांची. १ तारखेला ‘कालो मिना’ (महिना चांगला जावो), नवे कपडे दिसले की ‘मे या’ (आरोग्याने वापर), आणि वाढदिवस, नाताळ, ईस्टर सगळीकडे ‘ख्रोनिया पोला’ (खूप वर्षं लाभोत). कधी काय म्हणायचं ते कळलं, उलट उत्तराला अडते. नाताळात ‘एपीसिस’ (तुम्हालाही) म्हणून परत देता येतं, पण वाढदिवसाला ते विचित्रच वाटेल ना?

आता २१ मेला संत कॉन्स्टंटाइन आणि हेलेनचा नामदिन (त्या संतांचं नाव असलेल्यांचा सण) येतोय, आणि शेजारच्या आजींचं नाव एलेनी, म्हणजे हेलेनच. इथे उत्सवमूर्तीच इतरांना गोड खिलवते. मग बोलावणं नसताना जावं का, जाताना काय न्यावं, आणि त्या मला ‘एसी’ (तू) म्हणत असल्या तरी मी त्यांना ‘एसीस’ (तुम्ही)च म्हणत राहायचं का?