अनुभव हवेत: डायग्राम एडिटरच्या राइट-क्लिक मेनूत आपलं काम बसवताना

विश्वामित्रीकाठ:
बडोद्यातल्या मंडळींसाठी हा धागा, बाहेरच्यांनीही लिहावं. आमच्याकडे मकरपुऱ्यात विजेची पॅनेल बनतात आणि सिंगल लाइन डायग्राम (वीजजोडणीचं एका रेघेत दाखवलेलं चित्र) काढायला घरीच लिहिलेला एडिटर वापरतो. ब्रेकर आणि आयसोलेटर (वीज तोडायचे स्विच), सीटी आणि पीटी (करंट आणि व्होल्टेज मोजायचे ट्रान्सफॉर्मर), बसबार (वीज वाटणारी पट्टी), सगळं माउसने ओढून ठेवायचं आणि जोडायचं. आता ड्रॉइंगच्या लोकांना राइट-क्लिकवर आपली रोजची कामं हवी आहेत: अख्ख्या फीडरची (बसबारवरून निघणाऱ्या एका फाट्याची) नक्कल, टॅग नंबर नव्याने लावणं, चार ब्रेकरचं रेटिंग एकदम बदलणं. मेनू उघडतो पटकन, पण त्यामागचं काम विश्वासाचं व्हायला हवं. कुठल्याही साधनात असं काही केलं असेल तर सविस्तर लिहा. क्लासची, फंक्शनची नावं आली तरी चालतील.

दांडियाबाजार:
माझं बरंचसं काम एक्लिप्सच्या जीईएफवर (डायग्राम एडिटर बनवायच्या चौकटीवर) झालंय, तेव्हा तिथलंच सांगतो. कॉन्टेक्स्ट मेनू प्रोव्हायडर नावाचा क्लास घ्यायचा, त्यातलं बिल्ड कॉन्टेक्स्ट मेनू हे फंक्शन लिहायचं आणि तो प्रोव्हायडर व्ह्यूअरला (चित्र दाखवणाऱ्या भागाला) सेट कॉन्टेक्स्ट मेनूने द्यायचा. हा मेनू दर वेळी उघडताना आधी रिकामा होतो आणि नव्याने भरला जातो, त्यामुळे त्या क्षणाच्या निवडीप्रमाणे त्यात काय घालायचं ते ठरवता येतं. सुरुवातीला ॲड स्टँडर्ड ॲक्शन ग्रुप्स बोलवा, म्हणजे अंडू, कॉपी, एडिट, सेव्ह यांच्या ठरलेल्या जागा तयार होतात आणि आपली ॲक्शन (मेनूतली ओळ आणि तिचं काम) योग्य गटात टाकता येते.

आता खरा मुद्दा. आपली ॲक्शन सिलेक्शन ॲक्शन या क्लासवरून बनवली, रजिस्ट्रीत (एडिटरच्या ॲक्शनांच्या नोंदवहीत) नोंदवली, मेनूतही घातली, तरी ती कायम करडीच राहते, ही तक्रार नवीन येणारा प्रत्येक जण घेऊन येतो. रजिस्ट्रीत नोंदवणं वेगळं आणि तिचा आयडी सिलेक्शन ॲक्शन्सच्या यादीत घालणं वेगळं. निवड बदलली की एडिटर त्या यादीतल्या ॲक्शनांनाच "तुझं चालू-बंद पुन्हा बघ" असं सांगतो. यादीत नाव नाही तर कॅल्क्युलेट एनेबल्ड (ॲक्शन चालू की करडी ते ठरवणारं फंक्शन) तुम्ही कितीही नीट लिहा, त्याला कोणी विचारतच नाही.

आणि ॲक्शनच्या रन या फंक्शनमध्ये मॉडेलला (चित्रामागच्या डेटाला) थेट हात लावायचा नाही. कमांड बनवा आणि ती कमांड स्टॅकवरून (केलेले बदल लक्षात ठेवणाऱ्या यादीवरून) चालवा. चार ब्रेकर निवडले असतील तर चार कमांड एका कंपाउंड कमांडमध्ये घाला. कंट्रोल झेड एकदा दाबलं की चारही रेटिंग मागे गेली पाहिजेत. हे मी आग्रहाने सांगतो, कारण अंडूवर भरवसा नसेल तर माणूस मेनू वापरायचंच सोडतो.

रावपुरा_रात्रपाळी:
दादा, जीएमएफवाल्यांसाठी (जीईएफवरच उभारलेली चौकट) एक पुरवणी. तिथे मॉडेल बदलायला राइट, म्हणजे लिहिण्याचं, ट्रॅन्झॅक्शन लागतं, नाहीतर इललीगल स्टेट एक्सेप्शन येऊन काम तिथेच थांबतं. रेकॉर्डिंग कमांड वापरली की बदल आपोआप नोंदले जातात आणि अंडू वेगळं लिहावं लागत नाही. शिवाय जुन्या उदाहरणांत मेनूसाठी पॉपअप मेनूज हा एक्स्टेन्शन पॉइंट (एक्लिप्सला आपलं काम जोडायची जागा) दिसेल. तो आता बाद ठरवलेला आहे. नवं काम असेल तर मेनूज आणि हँडलर्स यांच्यावरच करा.

ड्रॉइंगटेबल:
मी प्रोग्रॅमर नाही, ड्राफ्टिंग करते. पण मेनू बनवलाय, तोही व्हिजिओत (मायक्रोसॉफ्टच्या डायग्राम काढायच्या साधनात), एक ओळही कोड न लिहिता. म्हणून सांगावंसं वाटतं.

व्हिजिओत प्रत्येक आकाराच्या मागे शेपशीट असते, एक्सेलसारखे चौकोन. त्यात ॲक्शन्स नावाचा विभाग घातला की त्यातली प्रत्येक ओळ म्हणजे त्या आकाराच्या राइट-क्लिक मेनूतली एक ओळ. मेनू या चौकोनात दिसणारं नाव, ॲक्शन या चौकोनात काय व्हायचं त्याचं सूत्र. आमच्याकडे सबस्टेशनच्या नव्या मुलांना स्विचिंगचा क्रम शिकवायला ६६ केव्ही बेचं (एका लाइनच्या स्विचगिअरच्या भागाचं) चित्र होतं. मी ब्रेकरला यूजर सेलमध्ये "बंद आहे का" अशी एक खूण ठेवली (इथे बंद म्हणजे जोडलेला, त्यातून वीज जाते; उघडा म्हणजे तोडलेला). ॲक्शनमध्ये सेटएफचं सूत्र लिहिलं, ते ही खूण उलटी करतं. मेनूच्या नावातही इफ घातलं, त्यामुळे ब्रेकर बंद असेल तर "उघडा" दिसतं, उघडा असेल तर "बंद करा".

मग आयसोलेटर. लोड चालू असताना आयसोलेटर उघडायचा नसतो, आधी ब्रेकर उघडायचा, हे आपल्या सगळ्यांना पाठ. मी आयसोलेटरच्या ॲक्शन ओळीतल्या डिसेबल्ड चौकोनात शेजारच्या ब्रेकरच्या खुणेचा पत्ता लिहिला. ब्रेकर बंद आहे तोवर आयसोलेटरची ओळ करडी. अर्थ स्विचलाही (लाइन जमिनीशी जोडणाऱ्या स्विचलाही) तसंच, आयसोलेटर उघडल्याशिवाय तो लागत नाही. मुलं चित्रावर राइट-क्लिक करत करत क्रम शिकली. पुस्तकातला तक्ता वाचून हे इतकं डोक्यात बसत नाही.

एक सावधगिरी. स्टेन्सिलमधला (तयार आकारांच्या संचातला) मूळ आकार, म्हणजे मास्टर, सुधारला म्हणून आधीच काढलेल्या ड्रॉइंगमधले आकार सुधारत नाहीत. प्रत्येक ड्रॉइंग आपल्या पोटात त्या मास्टरची स्वतःची प्रत ठेवतं. जुन्या ड्रॉइंगमध्ये नवी ओळ हवी असेल तर त्या ड्रॉइंगच्या डॉक्युमेंट स्टेन्सिलमध्ये जाऊन बदल करा.

विश्वामित्रीकाठ:
ताई, हे फारच कामाचं. आमच्या एडिटरमध्ये इंटरलॉकचा (एक झाल्याशिवाय दुसरं होऊ न देण्याचा) विचार मेनूपर्यंत आणायचा हे डोक्यात आलंच नव्हतं. वेबवर कोणी केलंय का?

सयाजीगंज_सी:
मी करतो. बीपीएमएन-जेएसमध्ये (ब्राउझरमध्ये प्रक्रियांचे डायग्राम काढायच्या लायब्ररीत) आकारावर राइट-क्लिक झालं की इव्हेंट बसवर (घटना कळवणाऱ्या भागावर) एलिमेंट डॉट कॉन्टेक्स्टमेनू ही घटना येते. ती पकडायची, मूळ घटनेवर प्रिव्हेंट डिफॉल्ट बोलवून ब्राउझरचा स्वतःचा मेनू थांबवायचा आणि आपला उघडायचा. बदल करताना मॉडेलिंगमधूनच जा, म्हणजे अपडेट प्रॉपर्टीज, सेट कलर वगैरे. बिझनेस ऑब्जेक्टमध्ये (आकारामागच्या डेटात) सरळ लिहिलं तर कमांड स्टॅकला पत्ता लागत नाही, अंडू गेलंच. आधी एमएक्सग्राफ या दुसऱ्या लायब्ररीवर होतो, तिथे बिगिन अपडेट आणि एंड अपडेट यांच्या मध्ये सगळे बदल ठेवले की ते एकच अंडू होतात. एंड अपडेट फायनलीमध्येच (चूक झाली तरी चालणाऱ्या भागात) असू द्या.

यापेक्षा जास्त वेळ जागेच्या हिशोबात जातो. "इथे नवा नोड (आकार) ठेवा" अशी ओळ प्रत्येकाला हवी असते. पण माउसची जागा स्क्रीनची असते आणि चित्र मात्र झूम केलेलं, बाजूला सरकवलेलं. ती जागा चित्राच्या मापात बदलून घेतली नाही तर नोड भलतीकडेच उमटतो. शिवाय क्लिक झाल्या क्षणाची जागा टिपून ठेवा. मेनूतली ओळ निवडेपर्यंत माउस खाली सरकलेला असतो, तेव्हाची जागा उपयोगाची नाही.

गोत्रीरोड:
क्यूटीवाल्यांनो (खिडक्या आणि चित्रं असलेले प्रोग्रॅम लिहायची लायब्ररी), ग्राफिक्स आयटमचा कॉन्टेक्स्ट मेनू इव्हेंट लिहिताना मेनू उघडायला स्क्रीनपोझ (स्क्रीनवरची जागा) घ्या आणि नोड ठेवायला सीनपोझ (चित्रातली जागा). वर लिहिलंय तोच घोळ इथे दोन नावांनी आपोआप सुटतो.

दुसरं: क्यूटीत राइट-क्लिकने आयटम आपोआप निवडला जात नाही, ते आपल्याला लिहावं लागतं. नियम असा ठेवा की ज्यावर क्लिक झालं तो आधीच निवडलेल्यांत असेल तर निवड तशीच ठेवायची, नसेल तर बाकीची सोडून तो एकटा निवडायचा. नाहीतर मेनू एका ब्रेकरवर उघडतो आणि रेटिंग भलत्याचंच बदलतं. पॅनेलच्या ड्रॉइंगमध्ये हे फार महागात पडेल. तिसरं, मेनू उघडा असताना मागून डेटा ताजा होऊन तो आयटमच नाहीसा होऊ शकतो. पॉइंटर (त्या आयटमचा मेमरीतला पत्ता) धरून बसू नका, आयडी ठेवा आणि काम करायच्या वेळी पुन्हा शोधा.

दांडियाबाजार:
जीईएफमध्ये निवडीचा हाच नियम तयार मिळतो, उजव्या बटणाने न निवडलेला आकार निवडला जातो आणि आधीची सामूहिक निवड टिकते. घरचा एडिटर असेल तर गोत्रीरोडने सांगितलंय ते पहिल्यांदा करा.

कलाभवन_माजी:
शिफ्ट एफ१० (कीबोर्डवरून राइट-क्लिक मेनू उघडायची जोडी) विसरू नका. माझ्या ओळखीतल्या एका ड्राफ्ट्समनचं मनगट धरलंय, ते होता होईल तेवढं कीबोर्डवरच करतात. कीबोर्डने मेनू उघडला तर माउसची जागा घेऊ नका, निवडलेल्या आकाराजवळ उघडा. क्यूटीत इव्हेंटचं रीझन विचारलं की माउस की कीबोर्ड ते कळतं.

विश्वामित्रीकाठ:
सगळ्यांचे मनापासून आभार. निवडीचा नियम आणि कमांड स्टॅक यांपासून सुरुवात करतो. एकच शेवटचं विचारतो: जी ओळ आत्ता लागू नाही ती करडी दाखवायची की लपवायची?

ड्रॉइंगटेबल:
व्हिजिओत दोन्ही आहेत, डिसेबल्ड आणि इनव्हिजिबल. मी असं ठरवलंय: त्या आकाराला ते काम कधीच लागू होणार नसेल, जसं सीटीला "उघडा", तर लपवते. आत्ता लागू नाही पण नंतर होईल, ती करडी ठेवते, म्हणजे आधी दुसरं काहीतरी करायचंय हे माणसाच्या लक्षात येतं. आणि "काढून टाका" ही ओळ "नक्कल करा"च्या शेजारी ठेवू नका. दोघींच्या मध्ये एक रेघ घाला, बिगिन ग्रुपमध्ये ट्रू लिहिलं की येते.