माघारीचे किस्से: कुठून परत फिरलात ते सांगा

रॅपलिंगराणी

माथ्यावरचे फोटो सगळेच टाकतात, झेंडा, उडी, जय भवानी, सगळं. माझ्या फोनमध्ये लिंगाण्याचे (रायगडासमोरचा तो उभा सुळका) दोनेकशे फोटो आहेत आणि त्यातला एकही माथ्यावरचा नाही. म्हणून म्हटलं आपण हा धागा काढू. अर्ध्यातून, पाव वाटेतून, गाडीतूनच, जिथून कुठून मागे फिरला असाल ते लिहा. कारण काहीही चालेल, पाऊस, पोट, बॉस, सासू. फक्त खरं लिहा.

सुरुवात माझ्यापासून. डिसेंबर, मोहरी गावातून पहाटे तीनला निघालो, हेडटॉर्च लावून बोराट्याची नाळ, म्हणजे धोंड्यांनी भरलेली उभी घळ, उतरलो. ज्यांनी ती नाळ केलीय त्यांना माहितीय, तिथे एक धोंडा सरळ बसलेला नाही. खिंडीत पोचलो तेव्हा उजाडत होतं. हार्नेस चढवला, पहिले टप्पे बरे झाले, गुहेपर्यंत तर मी गप्पा मारत होते. गुहेच्या वरच्या टप्प्यावर उजवा पाय एका बोटभर खाचेत टेकवला आणि तो पाय शिलाई मशीनसारखा थडथडायला लागला. वरून आवाज येतोय, रोप टाइट आहे, ये बिनधास्त. डोक्याला पटतंय पण पाय ऐकायला तयार नाही. नाकापासून चार इंचांवर एक मुंगळा चालला होता, माझ्या हाताला वळसा घालून निवांत वर गेला. त्याचं समिट नक्की झालं असणार. दहा मिनिटं मी तशीच चिकटलेली, मग ओरडले, मला खाली घ्या. आमचा लीडर एक अक्षर जास्त बोलला नाही, "लोअर करतोय, मागे रेल, पाय भिंतीला लाव" एवढंच. बाकीचे वर जाऊन येईपर्यंत मी गुहेत बसून समोर उन्हात रायगड बघत अख्ख्या ग्रुपचे गूळ-शेंगदाणे एकटीने संपवले. लाज वाटली का, तर हो, भरपूर वाटली, आणि नाळ परत चढताना अजून वाटली, कारण माथा होवो न होवो ती नाळ तेवढीच चढावी लागते.

शेवटची_कसारा

आमची माघार रेल्वेने घेतली. कळसूबाईसाठी चौघे रात्रीची शेवटची कसारा लोकल पकडली, उतरून जीप बघायची असा प्लॅन, ठाण्यानंतर बसायला जागा मिळाली आणि घात झाला. गाडी कसाऱ्याला पोचली, तिथे उभी राहिली, पहाटे परत निघाली. मला जाग आली तेव्हा बाहेर आसनगाव आणि डब्यात दूधवाले. चौघांच्या सॅका मात्र जागच्या जागी.

डोंगळा

वाचून बरं वाटलं, मी आजवर हे कुणाला नीट सांगितलेलं नाही.

१९९८ साली पुण्याच्या सुरेंद्र चव्हाणांनी एव्हरेस्ट केलं तेव्हा मी शाळेत होतो, पेपरातलं कात्रण बरीच वर्षं कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेलं होतं. नोकरी लागल्यावर पहिली मोठी रजा घेतली ती उत्तरकाशीच्या नेहरू इन्स्टिट्यूटच्या गिर्यारोहणाच्या बेसिक कोर्ससाठी. पहिला आठवडा भारी गेला. रोज सकाळी चालत टेखलाला जायचं, दिवसभर कातळावर, संध्याकाळी लेक्चर. सह्याद्रीतली पोरं कातळावर उठून दिसतात, इन्स्ट्रक्टर म्हणायचे महाराष्ट्रवाले बंदर हैं, आणि आम्ही ते कौतुक समजून फुगायचो. मग भुक्की गावाहून वर चढाई सुरू झाली, पाठीवर अठरा-वीस किलो, तेल कॅम्प, गुज्जर हट, बेस कॅम्प. हरिश्चंद्रगड नळीच्या अवघड वाटेने केलेला माणूस मी, मला वाटलं आपल्याला काय होणारे.

बेस कॅम्पला दुसऱ्या रात्री डोकं असं दुखायला लागलं की कवटीच्या आत कुणीतरी घण घालतंय. सांगितलं नाही. सकाळी चहा प्यायलो, उलटी झाली, तंबूच्या मागे जाऊन बर्फाने झाकून टाकली म्हणजे कुणाला दिसायला नको. हा मूर्खपणा आहे हे मला आज कळतं. आमच्या रोपमधला, म्हणजे गटातला, एक फौजी होता, त्याने बघितलं आणि सरळ जाऊन डॉक्टरांना सांगितलं. मी त्याला मनात इतक्या शिव्या घातल्या की विचारू नका. डॉक्टरांनी बोटाला ऑक्सिमीटर लावला, आकडा बघितला, मला एका रेषेत पावलापुढे पाऊल टाकत चालायला लावलं, चौथ्या पावलाला मी बाजूला कलंडलो. तासाभरात मी खाली निघालो होतो, सॅक दुसऱ्याच्या पाठीवर. आणि गंमत म्हणजे गुज्जर हटला येईपर्यंत डोकं अर्धं उतरलं, खालच्या कॅम्पला तर मी तीन वेळा राजमा-चावल घेतला. उंचीचा आजार असाच असतो, फिटनेसशी त्याचा संबंध फार नाही, खाली उतरणं हाच त्याच्यावरचा खरा इलाज.

कोर्स अर्थातच अर्धवट. पुढच्या वर्षी परत अर्ज केला, पूर्ण केला, ए ग्रेड मिळाली (ती नसेल तर अॅडव्हान्सला घेत नाहीत). घरी मात्र अजूनही सगळ्यांना एकच कोर्स माहितीय.

बारीकर

आमचं गाव कळसूबाईच्या पायथ्याला, त्यामुळे माघार घेणारे आम्ही रोज बघतो, न घेणारे पण बघतो. १६४६ मीटर आहे, महाराष्ट्रात सगळ्यात उंच, पण शिड्या लावल्यात म्हणून लोकांना वाटतं जिना आहे. पावसाळ्यात शनिवारी रात्री बॅटऱ्यांची रांग पार वरपर्यंत दिसते. शिडीवर धुकं, वारं, लोखंड ओलं, वर चढणारे आणि खाली उतरणारे एकाच शिडीवर तोंडासमोर तोंड. मागं एकदा एक ताई शिडीच्या मध्यावर दांडा धरून बसली ती सोडेचना, खाली चाळीस माणूस खोळंबलेलं. माझा चुलता गेला, तिच्या खालच्या पायरीवर उभा राहिला आणि तिच्या गावाची, पिकापाण्याची चौकशी करीत बसला. बोलता बोलता एकेक पाय उतरवला तिचा. खाली आल्यावर ती रडली आणि आमच्या म्हातारीनं तिला कोरा चहा दिला.

देवीला नवरात्रात आम्ही सगळे जातो, म्हाताऱ्या बाया अनवाणी जातात. पण ढग असा उतरला की त्याच बाया म्हणतात आज नको, आईला इथूनच हात जोडू. त्यांना कुणाला फोटो दाखवायचा नसतो.

टोपी_विसरलो

आग्या मोहोळ. बस एवढंच लिहिलं तरी जुने लोक समजतील.

पूर्ण लिहितो. एका सुळक्याला दुसऱ्या पिचवर (टप्प्यावर) होतो, मी बिले देत होतो, म्हणजे वर चढणाऱ्याचा दोर खालून सांभाळत होतो, आमच्यातल्या एका नवीन मित्राने अंगभर डिओ मारला होता. तेच कारण होतं की वरून दगड सुटला ते अजून ठरलेलं नाही, भांडण चालू आहे. आधी एक माशी येऊन हेल्मेटवर टकटक करून गेली, मग पाच-सहा, मग आवाज. रोपवर टांगलेल्या माणसाला पळता येत नाही हो. माझ्या दोन्ही हातात रोप, वर मित्र लटकलेला, तो सोडता येत नाही आणि मानेवर डंख मोजत होतो, सतरापर्यंत मोजले. त्याला खाली घेतला, दोघं कारवीत घुसून पालथे पडून राहिलो तासभर, तोंडावर सॅकचं कव्हर. रोप, कॅरॅबिनर (दोर अडकवायच्या कड्या), सगळं तिथेच सोडलं, दुसऱ्या दिवशी पहाटे अंधारात जाऊन काढलं. तेव्हापासून डोंगराला जाताना साबणसुद्धा बिनवासाचा, आणि मोहोळाच्या आसपास विडी-काडी, चूल, ओरडाआरडा काही नाही.

पैसावसूल

माघार वगैरे ठीक आहे पण हरिहर किल्ल्याला माणशी पैसे भरून बसने गेलोय, त्या कोरलेल्या पायऱ्यांवर दोन तास रांगेत उभा आहे, पावसात, आणि तिथून परत फिरू? पायरीच्या खोबणीत बोटं घालून लोक उभ्याउभ्या वेफर्स खात होते. लीडर म्हणून आलेला मुलगा वीस वर्षांचा, त्याला साठ माणसं सांभाळायची. तो कुठल्या तोंडाने सांगणार चला परत.

दोर_आणि_स्ट्रेचर

तेच तर दुखणं आहे दादा. मी एका क्लबतर्फे रेस्क्यूला जातो. महाराष्ट्रात क्लबांनी मिळून रेस्क्यू कोऑर्डिनेशन सेंटर उभं केलंय, फोन आला की जवळच्या गावातली आणि क्लबातली पोरं निघतात, आपापली कामं टाकून. नोकरी दुसरीकडे, हे फुकटातलं. स्ट्रेचरवरचा एक माणूस घसाऱ्यावरून उतरवायला आठ जण उचलायला, पुढे दोघे वाट बघायला, मागे दोघे दोराला, आणि दर दहा मिनिटांनी बदली. सोप्या सोंडेवरून तुम्ही तासात उतराल, तिथे आम्हाला अख्खी रात्र लागते. साठ माणसांमागे एक पोरगा असेल तर गाडी सुरू व्हायच्या आधीच परत फिरा, बसचे पैसे गेले तर गेले.

डेन्व्हरकर

इकडे कोलोरॅडोत लाँग्ज पीक, १४२५९ फूट. इथला नियम सोपा आहे, उन्हाळ्यात दुपारी विजा पडतात म्हणून रात्री दोन-तीनला निघायचं आणि दुपारच्या आत माथ्यावरून खाली. आम्ही तीन मराठी, त्यातला एक उशिरा उठला (तो मीच). मोठमोठ्या धोंड्यांचं बोल्डरफील्ड पार करून कीहोल नावाच्या खिंडीत पोचलो तर साडेदहा, पश्चिमेला एक छोटासा पांढरा ढग, अगदी निरागस. मी म्हटलं एवढ्याशाने काय होतंय, आपण हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर भर पावसात इंद्रवज्राची (ढगात दिसणाऱ्या गोल इंद्रधनुष्याची) वाट बघत बसलेली माणसं. खाली येणाऱ्या एका आजीबाई म्हणाल्या, डोंगर उद्यापण इथेच आहे. फिरलो. सव्वा बाराला झाडांच्या रेषेत शिरलो आणि मागे आकाश फाटलं. दोनदा परत गेलोय, अजून झालेला नाही.

ढगातला_आजोबा

वय ६८. आमच्या वेळी कातळात मारायच्या मेखा लोहाराकडून ठोकून आणायचो, पायात हंटर शूज, हार्नेस कुठला, कमरेला दोराचे वेढे आणि गाठ. खडा पारशी सुळक्यावरून १९८०च्या दशकात दोनदा परत आलो, तिसऱ्यांदा झाला. त्याचं काही वाटत नाही. परवा मात्र कुलंग किल्ल्याला निघालो, आंबेवाडीतून बाहेर पडून पहिल्या चढालाच गुडघ्याने सांगितलं की बाबा बस. मी एका दगडावर बसलो, नातू म्हणाला आबा मीही थांबतो, मी म्हटलं तू जा, वर टाक्यात पाणी आहे ते पी आणि मला सांग अजून तसंच गार आहे का. संध्याकाळी तो बाटली भरून घेऊन आला. कोमट झालं होतं.

बारीकर

आजोबा, आमच्याकडं या. चढू नका, जेवायला या. भाकरी पायथ्यालाच असते.

शेवटची_कसारा

आम्ही चौघं पण येऊ का?

बारीकर

तुम्ही आधी कसाऱ्याला उतरा.