आठवी ते दहावीची आरोग्य तपासणी: आधी काय हाती घ्यावं?

माध्यमिक शिक्षिका, चंद्रपूर जिल्हा:
आरबीएसकेचं (राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम, मुलांची सरकारी आरोग्य तपासणी) पथक शाळेत वर्षातून एकदा येतं. बाकी वर्षभर हाताशी आठवड्याचा एक तास आणि उपकेंद्रातल्या सिस्टर. रक्त, डोळे, खर्रा (सुपारी-तंबाखूचं मिश्रण), पाळी, लसी, परीक्षेचा ताण, सगळंच निकडीचं वाटतं आणि एकही धड होत नाही. क्रम कसा लावायचा?

वैद्यकीय अधिकारी, प्राथमिक आरोग्य केंद्र:
दोष सापडला तर उपचार जवळपास मिळतो का, एवढं आधी बघा. त्या हिशेबाने रक्त पहिलं, म्हणजे अंगात रक्त कमी असणं. निळी गोळी (६० मिग्रॅ लोह, ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक अ‍ॅसिड) आठवड्यातून एकदा, वार ठरवून, तुमच्या डोळ्यांदेखत गिळायची. घरी नेलेली गोळी दप्तरातच राहते.

गडबड होते ती नववी-दहावीत. पोषण आहार आठवीपर्यंतच, त्यामुळे मोठी मुलं नुसत्या चहावर आलेली असतात. उपाशीपोटी गोळी घेतली की मळमळतं, एकीला उलटी होते आणि पुढच्या आठवड्यात अर्धा वर्ग 'नको' म्हणतो. त्यांना मधल्या सुट्टीत डबा खाऊन झाल्यावरच द्या. शी काळी होते, त्यात घाबरण्यासारखं काही नाही, हे पालकसभेत आधीच सांगून ठेवा. गोळीच्या आगेमागे तासभर चहा नको. जंतांची अल्बेंडाझोल ४०० मिग्रॅ वर्षातून दोनदा, चावून खायची.

सिकलसेल समुपदेशक, गडचिरोली:
वरच्या उत्तरात एक भर, आणि आपल्या भागात ती सोडून चालणार नाही. गोळ्या सुरू करण्याआधी सिकलसेलची (आईवडिलांकडून येणारा रक्ताचा आजार) तपासणी झालेल्यांची यादी काढा. 'एएस' म्हणजे वाहक, त्यांची गोळी थांबवायचं कारण नाही. 'एसएस' म्हणजे प्रत्यक्ष आजार असलेल्या मुलांना मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय लोह देऊ नका, विशेषतः ज्यांना वारंवार रक्त चढवावं लागतं त्यांना. अंगात लोह साठत जातं. सोल्युबिलिटी ही पहिली, प्राथमिक चाचणी पॉझिटिव्ह आली म्हणजे आजार ठरला असं नाही, एएस की एसएस ते पुढच्या इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी या प्रयोगशाळेतल्या रक्तचाचण्यांवर कळतं. आणि कृपा करून ही नावं वर्गात मोठ्याने वाचू नका. मुलीच्या लग्नापर्यंत ती गोष्ट गावात फिरते.

दंतवैद्य:
खर्रा शेवटी ढकलू नका. तपासायला अर्धा मिनिट पुरतो, साहित्य काहीच लागत नाही. मुलाने स्वतःची तर्जनी, मधलं आणि अनामिका ही तीन बोटं एकत्र, उभी धरून वरच्या-खालच्या पुढच्या दातांमध्ये घालायची. बसत नसतील, किंवा तिखट खाताना तोंड जळतं म्हणत असेल, तर लगेच पाठवा. सुपारीमुळे गालाची आतली कातडी ताठ होत जाते आणि ती पूर्ववत होत नाही, पण सुपारी सुटली तर पुढचं नुकसान आवरतं. 'तंबाखू खातोस का?' असं विचारलं तर उत्तर 'नाही'च येणार. 'दिवसाला किती पुड्या?' असं विचारा. मुलींना मिश्रीबद्दलही विचारा.

माध्यमिक शिक्षिका:
डोळ्यांचा तक्ता आहे, पण वर्गखोली साडेचार मीटरच भरते.

नेत्रचिकित्सा अधिकारी:
मग व्हरांड्यात घ्या. टेपने ६ मीटर मोजून खडूने रेघ मारा, तक्त्यावर उजेड हवा, मुलाच्या डोळ्यांवर नको. एकेक डोळा तळहाताने झाकायचा. बोटांच्या फटीतून मुलं हमखास बघतात आणि डोळा दाबला तर पुढची काही क्षणं धूसर दिसतं. रांगेतली मुलं अक्षरं पाठ करतात, म्हणून 'ई'चा तक्ता मधूनमधून फिरवा. कुठल्याही डोळ्याने ६/९ ची ओळ येत नसेल तर पुढे पाठवा.

वैद्यकीय अधिकारी:
लसींना वेगळा तास नको: टीडी (धनुर्वात-घटसर्पाची लस) १० आणि १६ व्या वर्षी, दहावीची यादी सिस्टरांकडे द्या. मनाचं मात्र रांगेत उभं करून विचारू नका. अचानक गप्प झालेलं, डबा न उघडणारं मूल दिसलं तर एकट्याला बाजूला घेऊन 'मरून जावंसं वाटतं का?' असं सरळ विचारा. विचारल्याने ते डोक्यात भरत नाही. 'हो' म्हणालं तर एकटं सोडू नका, त्याच दिवशी घरच्यांना बोलवा आणि तिथूनच टेलिमानसला (मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन) १४४१६ वर फोन लावा.

रजिस्टरमध्ये 'पाठवलं' या रकान्याशेजारी 'जाऊन आलं, तारीख' हा रकाना आजच आखा. मुलं गळतात ती या दोन रकान्यांच्या मध्येच.